‘नको’च्या पुढचा बाण

येरुहाम,
शुक्रवार, २४ जानेवारी २००३

प्रिय सुझॅन,

तुला शालोम आणि आशीर्वाद. घरात फोन असताना भाऊ पत्र कशाला लिहितो, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर तू काय बोलणार ते मला आता पाठ झालं आहे. “मी बरी आहे भाऊ, तू कसा आहेस, वहिनी कशी आहे, पाठ दुखते का रे अजून,” आणि माझं उत्तर पुरतं व्हायच्या आत “चल, कुकर लागलाय” म्हणून तू फोन ठेवतेस. रोज कसला कुकर लागतो तुझा, देव जाणे. पत्राचं तसं नाही. ते ठेवून देता येतं, पण बंद करता येत नाही. शिवाय मराठीत लिहिलं म्हणजे तुझ्या घरात ते दुसर्‍या कोणाला वाचता येणार नाही. तुझा लेक कफीर पाकीट उलटसुलट करून बघेल, “इमा, तुझ्या भावाचं काहीतरी आलंय, गुंडाळ्या-गुंडाळ्या काढल्यात नुसत्या,” म्हणेल आणि टेबलावर टाकून निघून जाईल. तेवढंच मला हवं आहे.

सुक्कोतच्या सणाला तू इथे येऊन गेलीस, त्यानंतर मी तुला पाहिलेलं नाही. तेव्हाच तुझा झगा खांद्यावरून असा लोंबत होता, की तुझी वहिनी शोशी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. रविवार, मंगळवार, गुरुवार डायलिसिसच्या मशीनचे, मधले दिवस मशीनमधून उठून सावरण्याचे, असं तुझं आयुष्य दोन वर्षांपासून चाललं आहे. सॉलोमनभाऊजी असते तर निदान तुला तिथे सोडायला-आणायला कोणी असतं. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंड मिळालं तर ही बाई पुन्हा उभी राहील, नाही मिळालं तर किती दिवस शरीर साथ देईल ते सांगता येत नाही. कफीरचं रक्त त्याच्या बापावर गेलं, त्याचं तुला चालत नाही. मग उरली ती यादी, आणि यादी काही पुढे सरकत नाही. हे सगळं तुला मी कशाला सांगतो आहे, तुझ्याच अंगावर चाललेलं. पण आपण दोघं भाऊ-बहीण हे कधी उघड बोललोच नाही, म्हणून एकदा लिहून ठेवलं.

इकडची खबर सांगतो. थंडी यंदा कोरडी आहे. वारा सुटला की दाराच्या फटीतून वाळू आत येते. शोशी दाराशी ओलं फडकं लावते आणि वाळवंटाला मराठीत शिव्या देते. माझी पाठ आहे तशीच आहे. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांना घड्याळं मिळाली, मला ही पाठ मिळाली. मी पन्नाशीला आलो, पण सकाळी पलंगावरून उठताना सत्तरीचा होतो आणि दुपारपर्यंत हळूहळू पन्नासवर येतो. तुझा भाचा रोय बीर-शेव्याला शिकतो आहे. एक मुलगी आहे म्हणतो, नाव सांगत नाही.

म्हातार्‍या माणसांच्या घरी मदतनीस बाई पाठवणार्‍या इथल्या छोट्या संस्थेत मी काम करतो ते तुला माहीत आहे. कोणाला आंघोळ घालायला बाई हवी, कोणाला बाजार करून द्यायला, कोणाला नुसतं दोन घटका बोलायला. कोणाकडे कोण जाणार हे एवढी वर्षं एका लोखंडी कपाटात आणि उरलेलं माझ्या डोक्यात होतं. मागच्या वर्षी आमचा मॅनेजर उझी म्हणाला, आता सगळं कॉम्प्युटरवर करायचं. त्यासाठी बीर-शेव्याच्या एका कंपनीतून मेयताल नावाची मुलगी येऊ लागली. डोक्यावर मुलासारखे बारीक केस, सदान्‌कदा सूर्यफुलाच्या बिया खायची आणि टरफलं माझ्या चहाच्या रिकाम्या कपात टाकायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “गर्शोन, काय व्हायला पाहिजे ते तुझा मॅनेजर सांगेल. तू मला खरोखर काय होतं ते सांग.” मला ती पोरगी तिथेच आवडली.

तिने सांगितलं, प्रोग्राम लिहायच्या आधी काम कसकसं पुढे सरकतं त्याचं चित्र काढावं लागतं. त्याला अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम म्हणतात. मला वाटलं, आता मोठं गणित येणार, आणि आपलं शिक्षण म्हणजे गावची सातवी. पण ते चित्र आपल्या शाळेतल्या गुरुजींनीसुद्धा फळ्यावर काढलं असतं इतकं साधं निघालं. वर एक काळा भरीव ठिपका, तिथून काम सुरू. मग गोल कोपर्‍यांच्या चौकटी, एका चौकटीत एकच काम लिहायचं. एका चौकटीतून बाण निघतो तो पुढच्या चौकटीत जातो. जिथे काही ठरवायचं असेल तिथे शंकरपाळ्याचा आकार काढायचा. त्यातून दोन बाण फुटतात, हो म्हटलं तर इकडे, नाही म्हटलं तर तिकडे. आणि कागदावर वरपासून खालपर्यंत उभे पट्टे आखायचे, एकेका माणसाचा एकेक, म्हणजे कोणतं काम कोणाच्या अंगावर आहे ते दिसतं. सगळं संपलं की खाली वर्तुळात काळा ठिपका.

मला त्याचा नाद लागला. एका संध्याकाळी मी शोशीच्या मलिद्याचं चित्र काढलं. सुरुवातीच्या ठिपक्याखाली एक जाड आडवी रेघ मारली. अशा रेघेपासून कामं एकाच वेळी फुटतात, पोहे भिजवणं एकीकडे, नारळ खवणं दुसरीकडे, फळं धुणं तिसरीकडे. खाली पुन्हा तशीच जाड रेघ. तिथे सगळे बाण येऊन पोचेपर्यंत पुढे सरकायचं नाही, नारळ खवून झाला आणि फळं बाजारातून आली नाहीत तर नारळाने थांबायचं. मी मोठ्या कौतुकाने शोशीला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या पट्ट्यात एवढ्या चौकटी आणि तुमच्या पट्ट्यात एकच. काय लिहिलंय? ‘खातो’. अगदी बरोबर आहे हो चित्र.”

असं हसतखेळत चाललं होतं. उन्हाळ्यात आम्ही मुख्य चित्राला हात घातला. वर्षातून एकदा आम्हाला प्रत्येक घरी विचारावं लागतं, बाईची मदत पुढे चालू ठेवायची का. मेयताल म्हणाली, तेव्हा तू काय करतोस? मी म्हणालो, विचारतो. तिने चौकट काढली, ‘विचारणे’. त्याखाली शंकरपाळं. ‘हो’ म्हटलं तर बाण मदतनीस बाईच्या पट्ट्यात जातो. ‘नको’ म्हटलं तर बाण सरळ खाली, फाइल बंद, शेवटचा ठिपका. कागद माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं, असंच आहे ना? मी नीट पाहिलं, सुझॅन. घाईत नव्हतो. म्हटलं, असंच आहे.

आता तूच सांग, असं होतं का आपल्यात? आई आपल्याला कोणाच्या घरी पाठवायची तेव्हा दारात उभं करून काय बजावायची? कोणी काही खायला दिलं तर आधी नको म्हणायचं, पुन्हा दिलं तर पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसर्‍यांदा हातावरच ठेवलं तर मान खाली घालून घ्यायचं. आगर्‍यांच्या ठमाकाकूने सांदण पुढे केलं आणि तू फ्रॉक सावरत म्हणालीस, “दोन द्या.” ठमाकाकू हसून हसून भिंतीला टेकली. घरी आल्यावर आईने तुझा दंड असा पिळला, की पुढे कित्येक दिवस कोणी काही दिलं की तू पाठीमागे बोटं मोजत उभी राहायचीस, आणि तिसरं बोट मिटलं की हात पुढे. सगळ्या आळीला तो खेळ माहीत झाला होता. लोक मुद्दाम दोनदाच विचारायचे.

ती बोटं आपल्या म्हातार्‍या माणसांनी भारतातून इकडे यायला विमानात बसताना मागे ठेवली नाहीत. मी इतकी वर्षं येरुहामच्या घराघरांत जात होतो तेव्हा काय करत होतो? जायचो, बसायचो, आणि मदत हवी का म्हणून विचारायचो. ते म्हणायचे, कशाला रे बाबा, आम्हाला काय झालंय. मग मी पावसापाण्याचं, नातवंडांचं काही काढायचो. चहा व्हायचा. पुन्हा विचारायचो, पुन्हा नको. मग उठून चपला घालता घालता म्हणायचो, बाई मंगळवारी पाठवतो हां, आणि ते म्हणायचे, बरं, तू म्हणतोस तर. यालाच मी ‘विचारतो’ म्हणत होतो. मेयतालपासून मी काही लपवलं नाही. ते चहा पिणं, ते चपलांपाशी थांबणं कामात धरायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. श्वास घेतो म्हणून कोणी चित्रात लिहितं का?

सप्टेंबरातल्या आपल्या सणांच्या आधी कॉम्प्युटर सुरू झाला. आता घरोघरी जायची गरज नव्हती. एक मुलगी हेडफोन लावून फोन करायची आणि उत्तर आलं की बटण दाबायची. मोरोक्कोच्या आज्या तिला म्हणाल्या, एक बाई कसली पाठवता, दोन पाठवा, आणि मागची अर्धा तास उशिरा यायची ते लिहून घे. आपली माणसं म्हणाली, “लो त्सारिख मोतेक, तोदा,” काही नको बाळ, आभार. तिने बटण दाबलं. चित्रात दिला होता तसा बाण खाली गेला. महिन्याच्या बैठकीत उझी म्हणाला, हे भारतातून आलेले लोक बघा, कोणावर भार टाकत नाहीत. आणि मला, सुझॅन, अभिमान वाटला. मी मान डोलावली.

पेणचे एलायजाकाका तुला आठवत असतील, आपल्या लग्नांत बटाटेवड्याच्या कढईपाशी उभे राहायचे ते. काकी गेल्यापासून एकटेच असतात. मुलगा अरादला, पण त्याची शिफ्टची नोकरी. काका दोन शनिवार शब्बातच्या प्रार्थनेला आले नाहीत. प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवताना त्यांची जागा रिकामी दिसली म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडायलाच त्यांना किती वेळ लागला. डाव्या मनगटाला जुना टाय गुंडाळलेला, आतून हात सुजून टम्म. न्हाणीघरात पाय घसरला होता. टेबलावर पाव आणि चहा, तेच जेवण. सदरा किती दिवसांचा होता ते विचारू नकोस. मी म्हटलं, काका, बाई येत नाही? म्हणाले, नाही रे, बंद झाली. मी म्हटलं, तुम्हीच नको म्हणालात ना? तर माझ्यावर असे चिडले! “अरे, मग काय पहिल्या झटक्याला हो म्हणू? भिकारी आहे का मी? ती पोरगी विचारते काय, फोन ठेवते काय. मी अजून घसा साफ करत होतो!” मी म्हटलं, मग पुन्हा फोन करायचा. म्हणाले, नको म्हणून झाल्यावर मागून हवं म्हणायचं? तुझ्या आईने तुला हेच शिकवलं काय?

त्यांना डॉक्टरकडे नेऊन हाताला प्लास्टर घालून आणलं. दुसर्‍या दिवशी ऑफिसात बसून मी बंद झालेल्या फाइली काढल्या. बहुतेक आडनावं आपली होती. एकेका नावाबरोबर मला घर दिसत होतं, पडदे दिसत होते. कोणीही तक्रार केलेली नव्हती. त्या दिवशी मला फार थकल्यासारखं झालं. कारखान्यात पोती उचलून असं कधी झालं नव्हतं.

मेयतालला बोलावून सगळं सांगितलं. ती बिया खायची थांबली. वाईट वाटलं तिला, पण तिचं डोकं लगेच कामाला लागलं. म्हणाली, ठीक आहे, ‘नको’ म्हटलं की बाण परत वर न्यायचा, पुन्हा विचारायचं. किती वेळा? आकडा सांग. मी म्हटलं, आकडा नाही. ती म्हणाली, आकडा नसेल तर बाण गोल गोल फिरत राहील, गर्शोन, काम कधी संपणारच नाही. मी म्हटलं, काही घरी दुसर्‍यांदा हो येतं, काही घरी चौथ्यांदा. आणि काही घरी खरंच नको असतं. तिने कपाळाला हात लावला. “तुमच्यात लग्नं तरी कशी होतात? मुलगी हो कधी म्हणते?” मी म्हटलं, शोशीला विचार, ती अजून म्हणालेली नाही. शेवटी तिने ‘नको’चा बाण फाइलकडून काढून माझ्या पट्ट्यात वळवला आणि तिथे एक नवी चौकट काढली. काय लिहू म्हणाली. मी म्हटलं, लिही, ‘घरी जाऊन बसणे’. ती म्हणाली, बसणे हे काम आहे? मी म्हटलं, हो, तेच काम आहे. तिने लिहिलं, ‘भेट’. चालेल म्हटलं. तेव्हापासून मी पुन्हा घरोघरी फिरतो आहे. एकेक फाइल उघडते आहे. पाठ बोंबलते, पण फिरतो.

घरी रोयला हे सांगितलं तर त्याला पटलं नाही. तो हिब्रूत म्हणाला, “अब्बा, नको म्हणजे नको. माणूस मोठा आहे, त्याने सांगितलं, तुम्ही ऐकायचं. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत न देणं.” त्याचंही चुकीचं नाही. इथे जन्मलेली ही पोरं जे मनात असेल ते तोंडाने बोलतात, त्यांना आतलं-बाहेरचं वेगळं ठेवावं लागत नाही. मला कधी कधी हेवा वाटतो त्यांचा. मी एलायजाकाकांना विचारलं, काका, खरं नको ओळखायचं कसं? ते प्लास्टरचा हात कुरवाळत म्हणाले, “पुन्हा विचारून. दुसरी युक्ती मला नाही माहीत.”

काका हे सहज बोलून गेले. मी मात्र तिथून घरी आलो तो बस-स्टॉपवरून, आणि तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो. सुक्कोत संपताना तुला बीर-शेव्याच्या बसपर्यंत सोडायला आलो होतो ते याच बाकड्यापाशी. तू पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस, हातावरच्या मशीनच्या सुयांच्या खुणांवर बाही ओढत होतीस. मी म्हणालो होतो, “सुझॅन, आपला रक्तगट एकच आहे. माझं एक घे.” तू हसलीस. म्हणालीस, “नको भाऊ. तुझी पाठ अशी, वहिनीला कोण बघणार, रोयचं लग्न व्हायचंय.” मी म्हणालो, “बरं.” एवढंच. बस आली, तपासणीच्या शिपायाने तुझी पिशवी उघडून पाहिली, तू खिडकीतून हात केलास. आणि घराकडे चालताना माझं अंग हलकं झालं होतं, बाय. मी विचारलं होतं, तू नको म्हणाली होतीस, माझ्याकडून झालं होतं. एलायजाकाकांना फोन करणार्‍या त्या मुलीला मी मनातल्या मनात खूप बोललो होतो. तिने निदान हातातलं काम म्हणून बटण दाबलं.

गेल्या शनिवारी ‘तू बिश्वात’, आपला झाडांचा सण, होता. शब्बात संपल्यावर आपल्या सिनेगॉगात मलिदा झाला. ताटात पोहे, खोबरं, फळं, सबजा, सगळं नेहमीसारखं. आपल्या लोकांनी नवसाला पावणार्‍या एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं आणि मनातल्या मनात जो तो आपलं मागणं मागू लागला. मी दर वर्षी तुझ्यासाठी मागतो. यंदाही ओठ उघडले, आणि शब्द बाहेर येईना. माझ्या बहिणीला मूत्रपिंड मिळू दे, असं मी नबीला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तो म्हणाला असता, दोन तुझ्याजवळ आहेत, आणि माझ्या दारात नारळ घेऊन कशाला आलास? मी काही मागितलं नाही. मागच्या बाकावर बसून फक्त आभार मानले की मला दोन दिलीत. शेजारच्याने मलिदा हातावर ठेवला तेव्हा मी पहिल्या झटक्यालाच घेतला, आईची क्षमा मागून.

तर हे पत्र लिहायचं कारण आता सांगतो. हनुक्काच्या सणापासून मी बीर-शेव्याला हॉस्पिटलात जातो आहे. रक्त, लघवी, हृदय, फोटो, डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला एक बाई, सगळं झालं. पाठीचं मी आधीच सांगितलं. डॉक्टरीण हसून म्हणाली, पाठ आम्हाला नको आहे. माझ्या बाजूने सगळं चालण्यासारखं आहे. पुढची जुळणी तुझं रक्त घेऊन बघायची, आणि त्यासाठी तू स्वतः हो म्हणायला हवंस. शोशीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तिसर्‍या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, “देवाने जादा दिलंय ते काय लोणचं घालायला?” आणि पुढच्या खेपेला माझ्याबरोबर बसमध्ये येऊन बसली. हे पत्र तुला चार-पाच दिवसांत मिळेल. पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं किर्यात मलाखीला तुझ्याकडे येतोय, शब्बात तुझ्याकडेच करू. मी तुला पुन्हा विचारणार आहे. माझी पाठ, वहिनी, रोयचं लग्न, यातलं काही मला सांगू नकोस, ती माझी कामं आहेत. तुला स्वतःला खरोखर नको असेल, हा जीव ओढत न्यायचा कंटाळा आला असेल, तर तेही सांग. ते मी ऐकेन आणि तरी तुझ्याजवळ बसेन. पण मी निर्धास्त होऊन येतोय असं समजू नकोस. टेबलावर झोपवून पोट कापणार, या विचाराने मी अजूनही रात्री शोशीचा हात धरून झोपतो. भीती जाईपर्यंत थांबावं म्हटलं, तर तुला तेवढं थांबता येणार नाही. म्हणून त्या भीतीलाही बरोबर घेऊनच येतो.

तुझाच भाऊ,
गर्शोन